कार्डाला हात लावण्याआधी

पोरा, पावसाळा लागला की तुला असे फोन हमखास येणार. ‘एसीचं इनडोर वारा मारतोय, पण गार होत नाही, आणि डिस्प्लेवर कसलातरी कोड येतोय.’ डायकिन असेल तर यू४, एलजी असेल तर सीएच०५, पॅनासॉनिक असेल तर एच११. अक्षरं वेगळी, दुखणं एकच: इनडोर आणि आउटडोरचं आपसात बोलणं तुटलंय. गिऱ्हाईकाने तोवर रिमोटचे सेल बदललेले असतात. रिमोट दाबल्यावर बीप वाजतोय ना, मग त्याला सोड. गॅसचाही इथे संबंध नाही. या कोडवर जो गॅस भरून देतो तो कारागीर नव्हे.

आधी एमसीबी पाडून दहा मिनिटं थांब, मग चालू कर. लाइटच्या लपंडावाने अडकलेलं कार्ड, म्हणजे एसीचा सर्किट बोर्ड, कधीकधी एवढ्यानेच सुटतं. पण दोन दिवसांनी कोड परत आला, तर खोड वायरीत आहे असंच धरून चाल.

वायरीचं सांगतो, नीट ऐक. दोन्ही युनिटच्या मधे फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि चौथी सिग्नलची वायर जाते. भाडेकरू घर बदलतो, नव्या घरी वायर कमी पडते, आणि फिटिंगवाला पीळ मारून, काळी टेप गुंडाळून जोड पाइपाच्या कव्हरात लपवतो. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, पावसाचं पाणी आत झिरपतं. असा जोड उघडलास की तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी दिसेल, बोटाने चोळली तर तारच तुटून हातात येईल. गंमत म्हणजे अशाही वायरीतून कॉम्प्रेसर कधीकधी चालतो. नाजूक सिग्नल मात्र मरतो. म्हणून नुसती कंटिन्यूइटी बघून खूश होऊ नकोस. दोन्ही टोकं सोडव, एका टोकाला दोन वायरी एकत्र पिळ, दुसरीकडे मीटर लाव आणि कोणाला तरी वायर हलवायला सांग. बीप तुटली की जोड सापडला. तो परत जोडायचा नाही, अख्खी सलग वायर टाकायची. किनाऱ्यावर रत्नागिरी-मालवणकडे तर टर्मिनलचे स्क्रूही खारट हवेने गंजतात. घासून, कसून घे. नवीन फिटिंगला कोड आला तर टर्मिनलचे आकडे जुळव: इकडचा एक तिकडच्या एकलाच गेलाय ना?

आउटडोर उघडताना घाई नको. एमसीबी पाडला तरी कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं. दहा मिनिटं थांब, मीटर लावून बघ, मगच हात घाल. कार्डावर मेलेली पाल, कुरतडलेली वायर, मुंग्या, आधी हे बघ.

वायर पक्की निघाली तर लाइट चालू ठेवून, टर्मिनलला हात न लावता, न्यूट्रल आणि सिग्नलमध्ये डीसीवर मीटर लाव. आकडा वरखाली नाचत असेल तर बोलणं चालू आहे. एका जागी गोठला, तर कुठलं कार्ड गप्प आहे ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलवरून ठरव, अंदाजाने नाही. त्याआधी एक कर. लाइट बंद करून, परत तेवढंच थांबून, आउटडोरच्या डीसी फॅन मोटरचा प्लग काढ आणि मग चालू करून बघ. शॉर्ट झालेली मोटर अख्ख्या कार्डाचा सप्लाय खाली ओढते. आता फॅनचा कोड आला, तर मोटर गेलीय आणि कार्ड वाचलंय.

हे सगळं झाल्यावरच कार्डाचं नाव काढ. बदललंस तर जुनं कार्ड गिऱ्हाईकाच्या हातात दे. पैसे त्याने मोजलेत.