सिकलसेलचे मूल शाळेत मागे का पडते?

नवेगावबांधच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरू लागले की थंडी आली हे आपण ओळखतो. सिकलसेल असलेल्या मुलांच्या घरी याच दिवसांत काळजी वाढते. मुलाचे हातपाय, पाठ किंवा छाती दुखू लागते. चार दिवस ते अंथरुणावर राहते. शाळेत परत जाते तेव्हा मधला धडा शिकवून झालेला असतो आणि गणितही पुढे गेलेले असते. वर्षातून असे पाच-सहा वेळा झाले की शेरा मिळतो, 'अभ्यासात लक्ष नाही.' घरातही कोणी म्हणते, 'सोंग करतो.' या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही या मुलांच्या शाळेविषयी लिहीत आहोत.

दोष कोणाचाच नाही

नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पूर्व विदर्भात हा आजार बौद्ध समाजात आढळतो, तसाच गोंड, परधान, हलबा आणि इतर समाजांतही आढळतो. आपल्या जंगलपट्टीत पूर्वी मलेरिया फार होता. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे हा जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. यात मागच्या जन्माचे पाप नाही, करणी नाही, बाहेरची बाधा नाही.

एकच जनुक असलेल्याला वाहक म्हणतात. आपण त्याला 'एएस पॅटर्न' म्हणतो. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून अशा घरात एकट्या सुनेला बोल लावणे चुकीचे आणि अन्यायाचे आहे.

अभ्यास मागे पडण्याची कारणे

पहिले कारण बुडालेली शाळा. दुसरे कारण कमी रक्त. अनेक एसएस मुलांचे हिमोग्लोबिन ७ ते ९ च्या आसपास असते. इतक्या कमी रक्तावर दुपारच्या तासाला डोके जड होते आणि लक्ष टिकत नाही. तिसरे कारण झोप. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून मूल रात्री अनेकदा उठते, कधी अंथरूण ओले करते. रात्री दुखले तर झोप होतच नाही.

चौथे कारण फार कमी घरांना माहीत आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्याही अडवू शकतात. काही मुलांत बाहेरून लकवा दिसत नाही, पण मेंदूच्या लहानशा भागाला इजा झालेली असते. असे मूल वाचलेले विसरते, हळू लिहिते, आधी जमणारे गणित चुकवू लागते. असा बदल दिसला तर शिकवणी लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. लहान मुलांच्या डोक्यातील रक्तप्रवाहाची सोनोग्राफीसारखी एक तपासणी असते. तिच्यावरून लकव्याचा धोका आधी कळू शकतो.

भगवान बुद्धांच्या संघात चूळपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला गाथा दिली नाही. स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला आणि तो चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्यातून चूळपंथकाला अनित्यता समजली. शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली. आपल्या मुलांसाठीही हेच करायचे आहे.

घरी काय करावे

पाण्याची बाटली मुलासोबत कायम असावी. थंडीत स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी घालावी, आंघोळीला गरम पाणी द्यावे. बोडीत तासन्‌तास पोहणे, रोवणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांनी बांधीत राहणे, झाडीपट्टीचे नाटक पाहत रात्रभर उघड्यावर बसणे यांमुळे दुखणे उठू शकते. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना गर्दीत पाणी कमी पडू देऊ नका.

फॉलिक अॅसिडची गोळी रोज द्यावी. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले असेल तर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. या औषधावर असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासावे लागते. लसीकरण पूर्ण ठेवावे आणि इतर भावंडांचीही एकदा तपासणी करून घ्यावी.

शाळेत काय बोलावे

वर्ष सुरू होताच वर्गशिक्षकांना भेटा आणि तपासणीच्या कागदाची प्रत द्या. या गोष्टी स्पष्ट सांगा:

तासाला पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक असावी.
उन्हात उभे करणे किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावणे अशी शिक्षा देऊ नये. खेळात मात्र घ्यावे, दमल्यावर बसू द्यावे.
शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी एसएस मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.
मूल आजारी असेल तेव्हा शेजारच्या एका वर्गमित्राची वही घरी यावी.

दुखणे असताना अभ्यासाचा तगादा लावू नका. दुखणे उतरले की रोज अर्धा तास, एकच विषय, असे मागचे भरून काढा. विहारात संध्याकाळी मुले अभ्यासाला बसत असतील तर तिथल्या मोठ्या मुलांना ही जबाबदारी द्या.

हक्काच्या सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. वाहकाला हे प्रमाणपत्र मिळत नाही, रुग्णाला तपासणीनंतर मिळू शकते. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो. तो परीक्षेच्या तोंडावर करून चालत नाही, म्हणून नववीतच कागद तयार ठेवा. अर्जुनी मोरगावच्या गटसाधन केंद्रात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबाबत विचारपूस करा.

थांबू नका

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, डाव्या बाजूला पोट एकदम फुगून मूल पांढरे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळचे सरकारी रुग्णालय गाठा आणि पोहोचताच 'मूल एसएस आहे' हे पहिले सांगा. मांत्रिकाकडे गेलेला एक तास जिवावर बेतू शकतो.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. हे सांगणे फक्त धडधाकट मुलांसाठी नव्हते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आपल्या वस्तीत सिकलसेलची किती मुले आहेत आणि त्यांतली कोणती शाळेत मागे पडली आहेत, हे विचारा. नावे कळली की एकेका मुलासाठी एकेक वही पोहोचवणारा सोबती ठरवा. एवढे काम आपल्याला याच महिन्यात करता येईल.

जयभीम.