नदी : सीमा की वाट?

युरोपचा नकाशा समोर ठेवा. आल्प्स पर्वतात उगम पावून उत्तर समुद्राला मिळणारी ऱ्हाईन नदी शोधा. नंतर काळ्या समुद्राकडे वाहत जाणारी डॅन्यूब नदी शोधा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बलाढ्य रोमन साम्राज्याची सीमा बरीचशी या दोन नद्यांच्या काठाने जात होती. पूर्वेकडे दीर्घकाळ युफ्रेटिस नदी ही सीमा होती. तिलाच तुम्ही उर्दूत फुरात म्हणता.

रोमनांना नदीची सीमा सोयीची का वाटली? नदी ओलांडताना शत्रूच्या सैन्याचा वेग मंदावतो. शिवाय सैनिकांसाठी लागणारे धान्य नावांतून सहज नेता येते. म्हणून नदीकाठी सैन्याच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या आसपास बाजार भरू लागले, वस्ती वाढली. आजच्या बॉन आणि व्हिएन्ना या शहरांच्या जागी तेव्हा अशाच छावण्या होत्या. पलीकडचे लोकही व्यापारासाठी अलीकडे येत. म्हणजे जी नदी अडवत होती, तीच माणसे जोडतही होती!

सम्राट ट्रेजन याला डॅन्यूबपलीकडचा डेशिया प्रांत जिंकायचा होता. त्याने दमिश्कच्या अपोलोडोरस नावाच्या कुशल स्थापत्यकाराकडून नदीवर पूल बांधून घेतला. इ. स. १०५ च्या सुमारास पूर्ण झालेला हा पूल १,१०० मीटरांहून अधिक लांब होता. इ. स. १०६ मध्ये डेशिया रोमनांच्या हाती आला. पुढे सम्राट हेड्रियनने पुलाचा वरचा भाग काढून टाकला, असे इतिहासकार डिओ लिहितो. कारण उघड होते. ज्या पुलावरून आपण जातो, त्याच पुलावरून शत्रूही येऊ शकतो.

इ. स. ३७६ मध्ये याच नदीकाठी एक वेगळाच प्रसंग घडला. हूणांच्या भीतीने गॉथ लोक बायकामुलांसह तेथे आले आणि त्यांनी आश्रय मागितला. सम्राट व्हॅलेन्सने त्यांना नदी ओलांडू दिली. परंतु लोभी अधिकाऱ्यांनी त्या भुकेल्या लोकांना नाडले. अन्नाच्या मोबदल्यात त्यांची मुलेदेखील गुलाम म्हणून घेतली. संतापलेल्या गॉथांनी बंड केले. इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला आणि स्वतः व्हॅलेन्स मारला गेला.

विचार करा, या वेळी सीमा कशामुळे खचली? नदी पूर्वीइतकीच रुंद होती, तिचे पाणीही आटले नव्हते. आश्रयाला आलेल्यांवर अन्याय झाला, तेव्हा ती नदी साम्राज्याचे रक्षण करू शकली नाही.

आज डॅन्यूब दहा देशांतून वाहते. १९९२ साली पूर्ण झालेल्या कालव्यामुळे ती ऱ्हाईनच्या खोऱ्याशी जोडली गेली आहे. जेथे एकेकाळी पहारे होते, तेथून आता मालवाहू जहाजे ये-जा करतात.

स्वाध्याय
१. रोमनांना नदीची सीमा सोयीची का वाटली?
२. हेड्रियनने पुलाचा वरचा भाग का काढला?
३. गॉथ लोकांनी बंड का केले?
४. 'नदी माणसांना जोडते' या विषयावर पाच वाक्ये लिहा.