आधी भांडी, मग रंग

स्वयंपाकघराला रंग काढायचा ठरला की घरात पहिल्यांदा शेड कार्ड येतं. सगळे त्याभोवती जमतात, भांडतात, शेवटी कंटाळून बदामी रंगावर मांडवली होते. मग त्या बदामी भिंतीसमोर आजीची पितळी कळशी ठेवली की ती दिसतच नाही. रंग शेकड्यांनी मिळतात, पण भांडी घरात असतील तीच. म्हणून कोणत्या जुन्या वस्तू मांडायच्या, किती आणि कुठे, हे आधी पक्कं करावं आणि भिंतीचा रंग त्यांच्यावरून ठरवावा.

पुढची कृती फ्लॅटमधल्या आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरासाठी आहे. फडताळं, कोनाडे, दिवळ्या असलेलं वाड्यातलं घर ज्यांच्याकडे आहे, त्यांना सजवायला फार काही लागतच नाही. काम पावसानंतर काढावं, दसरा-दिवाळीच्या आधी. पावसाळ्यात भिंतीत ओल असते, रंगाला पोपडे धरतात आणि रंगाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

सुरुवात माळ्यापासून. सगळं खाली काढा: मिसळणाचा डबा, फिरकीचा तांब्या, घंगाळ, चरवी, कडीचे डबे, पुरणयंत्र, सोऱ्या, रोवळी, पितळी फुल्या मारलेला पाट, चिनी मातीच्या बरण्या. जमिनीवर मांडून तीन ढीग करा. रोज वापरता येईल ते एका बाजूला. वापरता येणार नाही पण बघत राहावंसं वाटतं, ते दुसरीकडे. जे केवळ टाकवत नाही म्हणून राहिलंय, ते तिसऱ्या ढिगात. तिसरा ढीग बहुधा सगळ्यांत मोठा निघतो आणि तो परत माळ्यावर जातो. मांडायला सात-आठ नग पुष्कळ झाले. त्यातले निम्मे तरी रोजच्या वापरातले असावेत, कारण हात लागत नाही त्या भांड्यावर फोडणीचा चिकटा बसतो आणि वर धूळ.

घरात काहीच नसेल तर नवीन ‘अँटिक लुक’ची भांडी घेऊ नका. ती बहुधा पत्र्यावर मुलामा दिलेली असतात आणि पहिल्याच पावसात उघडी पडतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. पण माझ्या मते सगळ्यांत चांगली जागा म्हणजे गावातलं नेहमीचं भांड्यांचं दुकान. लोक जुनी भांडी मोडीत देऊन स्टील घेऊन जातात, आणि ती मोड वितळायला जाण्याआधी दुकानाच्या मागच्या बाजूला पोत्यात पडून असते. दुकानदाराला सरळ विचारा, “मोडीतलं काही दाखवता का?” मोडीचा भाव वजनावर असतो. त्यावर थोडे जास्त दिले की तोही खूश आणि तुम्हीही. आपल्याला नेमकं काय हवंय हे डोळ्यांना कळायला हवं असेल, तर खरेदीआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारावी. स्वयंपाकघरातल्या साध्या वस्तूंवर कारागिरांनी किती जीव लावला होता, ते तिथे दिसतं.

भांडं घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे. बुडाला बोटाची टिचकी मारून पाहा. घट्ट भांडं बराच वेळ घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजून थांबतं. आतून पाणी भरून दोन मिनिटं उचलून धरा, डाग दिलेल्या जागी ठिबकतंय का ते कळेल. शोभेचंच असेल तर ठिबकलं तरी बिघडत नाही, फक्त भाव पाडून मागा. मग भांडं उजेडात तिरपं धरून काठाखाली पाहा. तिथे पोगराने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, गाव असतं, कधी तिथी आणि सन. कुणीतरी कुणाला लग्नात, मुंजीत दिलेला तो आहेर. दोन सारख्या डब्यांतला एक घ्यायचा झाला तर मी नावाचा घेते. मांडतानाही नाव पुढच्या बाजूला येऊ द्यावं.

चिनी मातीची बरणी घेताना काठावरून बोट फिरवा आणि आतला चकाकीचा थर बघा. बारीक जाळीसारख्या भेगा असतील तर तिच्यात लोणचं घालू नका. आंबट आणि खारट त्या भेगांत मुरतं, आणि जुन्या चकाकीत शिसंही असू शकतं. अशा बरणीत पळ्या, झारे, उलथनी उभी करून ठेवावीत. निळ्या काठाच्या जुन्या एनॅमलच्या मगांनाही हाच नियम: टवका उडालेला असला तर त्यात चहा नको, कोथिंबीर लावा.

आता सफाई. चिंचेचा कोळ आणि जाडं मीठ लावून पाच मिनिटं थांबा, मग नारळाच्या शेंडीने घासा. शेवटचा हात कोरड्या रांगोळीचा किंवा चाळलेल्या राखेचा द्या आणि लगेच फडक्याने पुसा, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. तारेची घासणी जवळसुद्धा आणू नका. आरशासारखा लखलखाटही नको. कोरीव कामाच्या खोबणीत थोडा काळेपणा राहिला तरच ती नक्षी वाचता येते. चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारून मिळतं, पण ते फक्त भिंतीवर टांगायच्या वस्तूला. ज्या भांड्यात अन्न जाणार त्याला नाही.

वापरायच्या पितळी-तांब्याच्या भांड्याला कल्हई हवीच. आमटी, सार, ताक बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, तोंडाला विचित्र चव येते आणि पोटालाही ते बाधतं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून आतला भाग स्वच्छ करतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ती वितळलेली चांदी आतून फिरवतो. दोन-तीन मिनिटांचा खेळ असतो. मुलं असतील तर त्यांना मुद्दाम दाखवा. कथलात शिशाची भेसळ नको, म्हणून ओळखीचाच माणूस शोधावा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही. आधी तेल किंवा पाणी, मग आच.

आता रंगाकडे. पितळ समोरचा रंग थोडाफार स्वतःत ओढून घेतं. पिवळसर भिंतीपुढे ते विरघळतं, मोरपिशी किंवा गडद हिरव्यापुढे उठून येतं. तांब्यामागे शेवाळी हिरवा किंवा चुन्यासारखा पांढरा चांगला. तपकिरी-दुधी बरण्यांना गेरूचा लाल शोभतो. पांढऱ्या-निळ्या एनॅमलमागे हळदीचा पिवळा लावून पाहा, स्वयंपाकघरात सकाळ लवकर होते. मात्र ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आणि टाइल्स फिक्या बदामी असतील, तर निवडलेला रंग त्यांच्याशीही जुळायला हवा. त्या काही आपण बदलणार नसतो.

शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नका. छोटा डबा आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुठ्ठा भिंतीला टेकवा, पुढे प्रत्यक्ष भांडं ठेवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात पाहा. गडद रंग एकाच भिंतीला द्यायचा, जिच्यावर फळी येणार तिला. बाकीच्या तीन ऑफ-व्हाइट. आठ फूट रुंद, नऊ फूट उंच भिंत म्हणजे 72 चौरस फूट. धुता येणाऱ्या इमल्शनचा एक लिटर त्याला दोन हातांसाठी साधारण पुरतो.

रंगापेक्षा तयारीलाच जास्त वेळ लागतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलकट थर असतो, त्यावर कितीही महागडा रंग लावा, सोलून निघणार. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत वरपासून पुसा, साध्या पाण्याने परत पुसा, एक दिवस वाळू द्या. भेगांना लांबी भरा, पॉलिश पेपर मारा, प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. मध्ये चार ते सहा तास. जुन्या ऑइलपेंटचं कपाट किंवा दार असेल तर सावध. घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होऊ शकते. पेपर पाण्यात बुडवून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घरात ठेवू नका.

भाड्याचं घर असेल तर मालकाच्या भिंतीच्या वाटेला जाऊ नये. तीन बाय चार फुटांचा प्लायचा तुकडा हव्या त्या रंगात रंगवा, त्यावर आकडे मारा आणि अख्खा तुकडा भिंतीला लावा. घर सोडताना तो बरोबर येतो आणि भोकं चारच बुजवावी लागतात.

फळी सागाची जुनी मिळाली तर उत्तम. लाकडाखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर ती घेऊ नका, आत भुंगा आहे. पॉलिशच्या भानगडीत न पडता घासून तिला बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका. भिंतीत ड्रिल करण्याआधी नळाच्या आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही हे लक्षात ठेवा, पाइप आणि वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात.

मांडताना गॅसपासून तीन फूट दूर राहा. जड भांडी खालच्या फळीवर. घंगाळ डोक्यावर टांगण्याची हौस करू नये. ताटाळं असेल तर ते ओट्याजवळच, कारण ते कामाचं आहे. तीन डबे उतरत्या क्रमाने एकत्र ठेवले की डोळा तिथे थांबतो. तेच तीन फळीभर पांगले तर पसारा वाटतो. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा तर रंगाची उरलीसुरली हौस तिथे भागवा: जुन्या इरकलीचा किंवा खणाचा तुकडा पुरे. पडद्याला त्याच कापडाची किनार लावली की वेगळा पडदा शोधायला नको.

दिवा बदला. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली पितळ आजारी दिसतं. फळीवर 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी, ओट्यावर चिरायला-निवडायला थोडा पांढरा, 4000चा. दोन्हींची बटणं वेगळी ठेवा.

पुढची देखभाल अशी. मिसळणाचा डबा रोज हातात येतो, त्याला वेगळं काही लागत नाही. फळीवरची भांडी महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने, सणाला चिंचेने. एका वेळी सगळी घासायला काढू नका, दर रविवारी दोन घेतली तर कुणाची कुरकूर होत नाही. कल्हई साधारण वर्षाने करतात, पण आत पिवळं किंवा लाल दिसायला लागलं तर वर्ष भरायची वाट पाहू नका. तोवर त्या भांड्यात फक्त कोरडा जिन्नस ठेवा.