एक ध्वनिमुद्रण, अनेक श्रोते : आस्वादातील मतभेदांचा अभ्यास

५.१ प्रास्ताविक

‘मला हे आवडले’ आणि ‘हे चांगले आहे’ या दोन विधानांतील भेद मागील घटकात आपण पाहिला. दोन जाणकार एकाच कलाकृतीविषयी परस्परविरुद्ध बोलतात तेव्हा नेमके काय घडत असते, हा या घटकाचा प्रश्न आहे. त्यासाठी उदाहरण मुद्दाम साहित्याबाहेरचे, युरोपीय संगीतातले घेतले आहे. परिचित कवितेविषयी आपली मते आधीच ठरलेली असतात. अपरिचित कलाकृतीच्या वादात युक्तिवादाची घडण अधिक स्वच्छ दिसते.

५.२ ध्वनिमुद्रणाची हकिकत

रिचर्ड वाग्नर याच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १८६५ साली म्यूनिक येथे झाला. आयर्लंडची राजकन्या इझोल्डे हिला राजा मार्कची वधू म्हणून कॉर्नवॉलला नेण्याचे काम ट्रिस्टानकडे असते. जहाजावर दोघेही विष समजून जे पितात, ते प्रेमाचे पेय निघते. पुढचे दोन अंक या अशक्य प्रेमाचे आहेत.

जून १९५२ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये हा ऑपेरा ध्वनिमुद्रित झाला. वाद्यवृंद फिलहार्मोनिया, संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंगलर, निर्माता वॉल्टर लेग. इझोल्डेच्या भूमिकेत नॉर्वेची किर्स्टेन फ्लागस्टाड, ट्रिस्टान लुडविग झुटहाउस, आणि ट्रिस्टानचा सेवक कुर्वेनाल म्हणून अवघ्या सत्तावीस वर्षांचा डीट्रिच फिशर-डिस्काउ. फ्लागस्टाडचा जन्म १८९५ चा. म्हणजे ती तेव्हा सत्तावन्नाच्या उंबरठ्यावर होती. ध्वनिमुद्रणाविषयी मुळात साशंक असणाऱ्या फुर्टव्हेंगलरचे हे मोठे काम आजही या ऑपेराच्या श्रेष्ठ ध्वनिमुद्रणांत गणले जाते. वादही त्याच्याचभोवती सर्वाधिक झाले.

५.३ मतभेदांचे स्वरूप

पहिला वाद गतीचा आहे. हे ध्वनिमुद्रण चार तासांहून अधिक चालते. कार्ल ब्योम याच्या संचालनाखाली, बिर्गिट निल्सनला इझोल्डे म्हणून घेऊन, बायरॉइट येथे १९६६ साली मुद्रित झालेले सादरीकरण पावणेचार तासांच्या आत संपते. एका पक्षाला फुर्टव्हेंगलरची संथ, अखंड लाट हेच वाग्नरचे मर्म वाटते. दुसऱ्याला ब्योमच्या प्रयोगातली रंगभूमीची धग हवी असते. हा मतभेद खरा असला तरी फारसा गहन नाही. दोन्ही पक्ष तेच ऐकतात. त्यांची मागणी वेगळी असते.

दुसरा वाद वयाचा. फ्लागस्टाडचा स्वर इथे रुंद, गडद, ऊबदार आहे. तरुण राजकन्येचा चटका त्यात नाही, असा आक्षेप आहे. ज्यांनी १९३६-३७ मधील कॉव्हेंट गार्डनची, लाउरिट्स मेल्खिऑरसमवेतची तिची ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत, त्यांना हा फरक विशेष जाणवतो. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप अर्धाच पटतो. पहिल्या अंकातील इझोल्डेच्या संतापाला तरुण आवाजाची धार हवी, हे मान्य. पण अखेरच्या मरणगीतात जो विसावा हवा, तो या प्रौढ स्वरातच आहे. झुटहाउसविषयीची तक्रार मात्र रास्त वाटते : तो जाण असलेला गायक आहे, परंतु मेल्खिऑरचा वीरश्रीयुक्त स्वर ऐकलेल्याला तो फिका भासतो.

तिसरा वाद सर्वांत महत्त्वाचा आहे. दुसऱ्या अंकात, ट्रिस्टान बागेत येतो त्या भेटीच्या क्षणी, इझोल्डेला दोन अत्युच्च ‘सी’ स्वर लावावे लागतात. ते फ्लागस्टाडला आता खात्रीने लागत नव्हते. ते दोन स्वर एलिझाबेथ श्वार्त्सकोफ या गायिकेने, जिचा पुढे लेगशी विवाह झाला, गायिले आणि ते ध्वनिमुद्रणात मिसळण्यात आले. श्रोत्यांना हे सांगितले गेले नाही. गोष्ट पुढे बाहेर फुटली आणि फ्लागस्टाडच्या मनाला ती लागली.

काहींच्या मते ही फसवणूक आहे : मुखपृष्ठावर एकीचे नाव आणि आत दुसरीचा स्वर. इतरांचे म्हणणे असे की, चार तासांच्या कृतीत दोन स्वरांनी काय बिघडते? ध्वनिफितीवर अनेक तुकडे जोडूनच कृती सिद्ध होते. हा आणखी एक जोड. आपल्याकडील चित्रपटसंगीताच्या श्रोत्याला तर उसन्या आवाजाचे नवल वाटणार नाही. पण पार्श्वगायन ही सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. येथे ते दडवलेले होते.

आता एक सूक्ष्म बाब पाहा. रहस्य ठाऊक नसताना ज्यांनी या प्रसंगाचे कौतुक केले, त्यांच्या कानांनी चूक केली काय? ध्वनी तेव्हाही तोच होता. तरीही माहिती कळल्यावर श्रोता त्या जागी थबकतो, दोन स्वरांची वाट पाहतो, आणि इझोल्डेच्या आवेगाऐवजी सांधा शोधू लागतो. म्हणजे कृती तीच राहून आस्वाद बदलला. येथे दोन निकष एकमेकांत मिसळलेले दिसतात : एक, जे ऐकू येते त्याची गुणवत्ता, दुसरा, ते कोणी व कसे केले याविषयीची सचोटी. दुसऱ्या निकषावर लेगला दोष देता येतो. त्यावरून पहिल्या निकषाचा निकाल लावणे मात्र तर्काला धरून नाही. आणि उलट, ध्वनी सुंदर आहे म्हणून लपवाछपवी क्षम्य ठरते, असेही नाही.

आपली प्रगती तपासा

१. गतीविषयीचा आणि उसन्या स्वरांविषयीचा मतभेद यांत प्रकृतीचा कोणता फरक आहे?

२. फ्लागस्टाडच्या वयावरील आक्षेप कोणत्या अंकाला अधिक लागू पडतो, असे या घटकात म्हटले आहे? कारण द्या.

स्वाध्याय

एखाद्या साहित्यकृतीचा काही भाग अन्य हाताने लिहिला गेल्याचे नंतर उघड झाले, अशी कल्पना करा. आपले मूल्यमापन कोठे बदलेल व कोठे बदलणार नाही, ते वरील दोन निकषांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत लिहा.