आधी मागा तर!



दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये कम्युनियनच्या आधी फादर आपल्याला प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला बोलावतात. त्या बोलावण्याकडे आपले फारसे लक्ष नसते. कोणी मुलाला गप्प करत असतो, कोणी चाळिशी शोधत असतो. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' हे शब्द सुरू झाले की मग आपण सगळे एका सुरात सामील होतो. परंतु मूळ लॅटिन विधीमध्ये त्या बोलावण्यात दोन शब्द आहेत, 'आउडेमुस दीचेरे'. अर्थ असा की, आम्ही हे म्हणण्याचे धाडस करतो. देवाला बाप म्हणणे ही धाडसाची गोष्ट आहे, असे ख्रिस्तसभा आपल्याला दर मिस्साला सांगते, आणि आपण ती प्रार्थना पाढे म्हटल्यासारखी म्हणून मोकळे होतो.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेचा जो धर्मशिक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा चौथा व शेवटचा भाग सगळा प्रार्थनेवर आहे. तेथे या धाडसाविषयी लिहिताना मोशेची आठवण दिली आहे. जळत्या झुडपाजवळ मोशेला सांगण्यात आले होते की, पुढे येऊ नकोस, पायातील वहाणा काढ. त्याच देवाजवळ आता आपल्याला लेकरासारखे जाता येते, कारण प्रभू येशू आपल्याला हाताला धरून आत नेतो. या मोकळेपणाला नव्या करारात ग्रीक शब्द आहे 'पार्रेसिया'. जुन्या ग्रीक नगरांत स्वतंत्र नागरिकाला सभेत उभे राहून मनातले बोलण्याचा जो हक्क होता, त्याला हा शब्द वापरत. गुलामाला तो हक्क नव्हता. इब्री लोकांस पत्र लिहिणारा नेमका हाच शब्द उचलतो आणि म्हणतो की, कृपेच्या सिंहासनाजवळ आपण असेच जावे (इब्री ४:१६). म्हणजे दाराशी घुटमळत, टोपी हातात घेऊन नव्हे, तर घरच्यासारखे.

आता आपल्या प्रार्थना पाहू या. विनंत्यांच्या वेळी आपण काय मागतो? जगात शांती नांदो, सर्व आजारी लोकांना आराम पडो, सर्व कुटुंबे सुखी होवोत. या विनंत्या वाईट नाहीत, पण त्यांत एक सोय आहे. त्या पूर्ण झाल्या की नाही, हे कधीच कोणाला कळणार नाही. देवाला तोंडघशी पडावे लागत नाही आणि आपल्यालाही नाही. 'शेजारच्या अमक्याचे दारूचे व्यसन या महिन्यात सुटू दे' असे म्हणायला मात्र जीभ रेटत नाही, कारण महिना संपतो आणि उत्तर समोर दिसते.

माझ्याच घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई फार आजारी होती. तिच्या खाटेजवळ बसून मी प्रार्थना केली, 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर हिला बरे कर. नसेल तर आम्हांला सहन करण्याची शक्ती दे.' मला वाटले, चांगली नम्र प्रार्थना झाली. आई डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, 'अरे, आधी माग तर! नाही द्यायचं असेल तर ते त्याला सांगू दे. तू कशाला आधीच त्याच्या वतीनं नाही म्हणतोस?' त्या दिवशी मला कळले की, 'तुझी इच्छा' हे शब्द मी नम्रतेने म्हटले नव्हते, भीतीने म्हटले होते. निराशा होऊ नये म्हणून आधीच पळवाट काढून ठेवली होती.

गेथशेमानी बागेत प्रभूने तोच क्रम ठेवला, जो आई सांगत होती. आधी त्याने मागितले. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे स्पष्ट, न लाजता मागितले. त्यानंतर पित्याची इच्छा स्वीकारली (मार्क १४:३६). आपण बहुतेक वेळा दुसरे वाक्य आधी म्हणतो आणि पहिले म्हणतच नाही.

प्रार्थना कशी करावी असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने आधी आपल्या बापाची प्रार्थना शिकवली आणि लगेच एक गोष्ट सांगितली (लूक ११:५-८). मध्यरात्री एक जण मित्राचे दार ठोठावतो. त्याच्याकडे प्रवासातून पाहुणा आला आहे आणि घरात वाढायला काही नाही. त्या काळच्या गालीलातील गरिबाचे घर म्हणजे एकच खोली. सगळी मुले एका अंथरुणावर झोपलेली, दाराला आडणा लावलेला. उठायचे म्हणजे सगळे घर जागे करायचे. आपल्याकडे एका खोलीत सहा माणसे झोपलेली असतात, तेव्हा रात्री पाणी प्यायला उठणेदेखील किती कठीण असते, ते आपण जाणतोच! आतला माणूस नाही म्हणतो. बाहेरचा हटत नाही. शेवटी आतला उठतो, मैत्रीखातर नव्हे, तर बाहेरच्याच्या हट्टामुळे. आपल्या भाषांतरांत येथे बहुधा 'आग्रह' असा शब्द येतो. लूकचा ग्रीक शब्द त्याहून रोखठोक आहे. त्याचा अर्थ आहे निर्लज्जपणा.

या गोष्टीतील एक बाब मी स्वतः फार उशिरा पाहिली. तो माणूस भाकरी स्वतःसाठी मागत नाही, पाहुण्यासाठी मागतो. स्वतःच्या पोटासाठी तो कदाचित उपाशी झोपला असता, पण पाहुणा उपाशी झोपणार म्हटल्यावर त्याची लाज गेली. धाडस असे येते. स्वतःसाठी मागताना आपल्याला आपली पापे आठवतात, आपली लायकी आठवते. दुसऱ्याची भूक समोर दिसली की लायकीचा हिशेब मागे पडतो. कनानी बाईचेही तेच झाले (मत्तय १५:२१-२८). ती परकी होती, शिष्य तिला घालवून द्या म्हणत होते, प्रभूचे पहिले शब्दही कठोर होते. पण तिची मुलगी घरी तळमळत होती. ती अपमान गिळून तिथेच उभी राहिली, उलट उत्तर देऊन उभी राहिली, आणि प्रभूने तिच्या विश्वासाला मोठा म्हटले.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन सभेत बाप्तिस्मा घेतला होता. तरी प्रार्थनेच्या बाबतीत त्यांच्यापुढे आपण सगळे पहिलीच्या वर्गात बसलेलो आहोत, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे प्रार्थना-शिबिर होते. रमाबाई आपल्या मुलींपैकी काहींना घेऊन तेथे गेल्या होत्या. प्रभूने आपल्याला पंधरा आध्यात्मिक लेकरे दिली, म्हणून त्या देवाचे आभार मानत होत्या. तेव्हा त्यांच्या मनात आले की या संख्येचा वर्ग मागावा. पंधराचा वर्ग म्हणजे दोनशे पंचवीस, आणि तोही पुढच्या शिबिराच्या आत! सदनात मुळात मुलीच पन्नासच्या आत होत्या. दोनशे पंचवीस आणायच्या कोठून? रमाबाई हिशेबाला पक्क्या, त्यांना हा प्रश्न पडलाच. आपल्या आठवणींत त्यांनी तो लपवलेला नाही. तेव्हा यिर्मयाच्या पुस्तकातील वचन त्यांच्यापुढे आले, ज्यात देव विचारतो की मला अशक्य असे काही आहे काय (यिर्मया ३२:२७). त्यांनी तो आकडा मागितला.

उत्तर कसे आले? त्याच वर्षी पाऊस गेला आणि १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरू लागली. रमाबाईंना भूक पुस्तकातून माहीत नव्हती. १८७४ च्या सुमारास त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली होती. पुढे त्या आणि भाऊ श्रीनिवास उपासमार सोसत देशभर हजारो मैल पायी हिंडले होते. मध्य प्रांतातील बातम्या ऐकल्यावर त्यांना पुण्यात बसवेना. हाताशी पैसा नव्हता. तरी त्या गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुन्हा माणसे पाठवली, पुन्हा आणल्या. काही महिन्यांत अशा सुमारे तीनशे जणी झाल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच आजचे मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या जवळपास माणसे राहत होती. या सगळ्यांना रोज जेवू घालायचे होते. १९०५ साली केडगावला जी मोठी आत्मिक जागृती झाली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी येथे शिरत नाही. मला तो लोणावळ्याचा आकडाच मोठा वाटतो.

कारण रमाबाईंनी मागितले आणि उत्तर म्हणून त्यांना काम मिळाले. दोनशे पंचवीस मुली आकाशातून उतरल्या नाहीत. त्या खरजेने भरलेल्या, भेदरलेल्या, काही तर वाटेतच मरणाला टेकलेल्या अशा आल्या, आणि त्यांना न्हाऊ-माखू घालावे लागले. धाडसाने प्रार्थना करणाऱ्याने ही गोष्ट मनाशी ठेवून मागावे. शेजाऱ्याची दारू सुटू दे म्हणणाऱ्याच्या दाराशी तो शेजारी रात्री अकराला येऊन बसण्याचा संभव आहे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. धाडस आणि सौदा यांत गल्लत होते. हल्ली सभांतून, टीव्हीवरून कोणी कोणी सांगतात की पुरेसा विश्वास असेल तर आजार राहूच शकत नाही, गोळ्या सोडून द्या, इतकी देणगी द्या म्हणजे दसपट मिळेल. ऐकणारा गरीब असतो, औषध सोडतो आणि दुखणे वाढले की वर त्यालाच ऐकावे लागते की तुझा विश्वास कमी पडला. हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. आपल्या बायबलातील बेनसिराचे पुस्तक एकाच ठिकाणी सांगते की आजारपणात देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे (बेनसिरा ३८:१-१५). मधुमेहाची गोळी घेऊन जपमाळ म्हणणारी बाई अविश्वासू नाही.

दुसरी शंका पुष्कळांना असते. देवाला सगळे ठाऊक आहे, मग मागायचे कशाला? आपल्याकडे म्हण आहे की रडल्याशिवाय आईही पाजत नाही. पण आपला बाप तसा विसराळू नाही. आपल्याला काय हवे ते मागण्याआधीच त्याला कळते, असे प्रभूनेच सांगितले (मत्तय ६:८). संत ऑगस्टीन प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर देतात. ते म्हणतात की मागण्याने देवाला माहिती मिळत नाही, आपली ओढ वाढते, आणि देव जे देणार आहे ते घेण्याइतके मन मोठे होते. ऑगस्टीनना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची आई मोनिका त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे रडून मागत राहिली, आणि ३८७ साली मिलानमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी ती वारली.

आणि जेथे मागूनही मिळत नाही? रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा आईचे सगळे काम पुढे चालवणार होती. ती १९२१ साली, चाळिशीत, आईच्या आधी गेली. ज्या बाईने दोनशे पंचवीस लेकरे मागितली, तिने आपल्या एका लेकरासाठी काही मागितले नसेल काय? रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. त्या काळात त्या बायबलाच्या आपल्या मराठी भाषांतराचे काम संपवत होत्या. मुद्रिते तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागून घेतले आणि ते संपताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, असे सांगितले जाते. मुलगी मिळाली नाही म्हणून त्यांनी मागणे सोडले नव्हते. माझी आई त्या दुखण्यातून उठली. चार वर्षांनी ती गेली, तेव्हाही मी मागितले होते. का नाही, ते मला अजून कळलेले नाही. पण त्या वेळी मी पळवाट ठेवून मागितले नव्हते, आणि तिच्या खाटेजवळ मला खोटे वाटत नव्हते.

फैजपूरच्या माणसाला मागणे नवे नाही. १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आपल्याच गावी झाले. शेतकऱ्यांचा सारा, खंड आणि कर्ज यांची मागणी तेथे खुल्या मांडवात, साऱ्या देशासमोर मांडली गेली. सरकारकडे मागायला जे गाव लाजले नाही, त्या गावात आपण बापाकडे मागायला का लाजावे? मे-जूनच्या वाऱ्यात एका रात्रीत केळीच्या बागा आडव्या होतात. बाग दुसऱ्याची असली तरी कटाईची मजुरी आपली जाते. त्या रात्री घरोघर 'देवा, वारा थांबव' असे म्हटलेच जाते, कोणी शिकवावे लागत नाही. तीच भाषा रविवारी मिस्साला येताना घरी ठेवून यायचे कारण नाही.

येत्या रविवारी विनंत्यांच्या वेळी वाचकाने छापील विनंत्या वाचल्यावर थोडा वेळ थांबावे, असे सुचवतो. ज्याला मागायचे आहे त्याने आपल्या जागेवरून मोठ्याने मागावे. बार्तीमयाला गप्प बसा म्हणणारे पुष्कळ होते, पण प्रभूने थांबून त्यालाच विचारले की तुला काय हवे (मार्क १०:४६-५२). त्याचे डोळे गेलेले सगळ्यांना दिसत होते, तरी त्याला ते तोंडाने सांगावे लागले. आपणही माणसाचे नाव घ्यावे, दिवस सांगावा, काय हवे ते सांगावे. ज्यांना सर्वांसमोर बोलवत नाही त्यांनी चिठ्ठी लिहून अर्पणाच्या टोपलीत टाकावी. शेजारच्या बाकावरचा काय मागतो ते मात्र नीट ऐका. सोमवारी त्याच्या घरी कदाचित तुम्हालाच जावे लागेल.