शाखा नंतर ठरवा, आधी टायपिंग शिकवा

दहावीचा निकाल लागला की अंध आणि अल्पदृष्टी मुलांच्या पालकांचे फोन सुरू होतात. "ताई, आर्ट्सच घ्यावं लागेल ना? पुढे बँकेत लागेल का? कोटा किती?"

कोट्याचं उत्तर सोपं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव असतात. त्या ४ टक्क्यांतही सगळ्या प्रकारचे दिव्यांग वाटेकरी आहेत. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. शाखेचं म्हणाल तर कला, वाणिज्य, कायदा, संगणक असे सगळे रस्ते खुले आहेत. मुलाला जे आवडतं ते घेऊ द्या.

आता मी उलट विचारते. मुलगा स्वतः टाइप करतो का? घरापासून बसस्टॉपपर्यंत एकटा जातो का? बहुतेक घरांत उत्तर "नाही" असतं. वह्या आई लिहिते, वडील स्कूटरवर सोडतात, परीक्षेला लेखनिक असतो. अशा मुलाला बँकेच्या क्लासला घालून काय साधणार? परीक्षा उत्तीर्ण झालाच, तर पहिल्या पोस्टिंगच्या गावी त्याच्यासोबत कोण राहणार?

लेखनिकाची सवय मला सर्वांत घातक वाटते. नियमाप्रमाणे आपला लेखनिक आणायचा तर तो खालच्या शिक्षणाचा हवा. म्हणजे बारावीच्या मुलाचं शुद्धलेखन, परिच्छेद, उत्तराची मांडणी सगळं त्याच्याहून लहान मुलाच्या हाती जातं. आणि आपण लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचून सुधारणं म्हणजे काय, हे त्याला कधी कळतच नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्याय आहे. लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देण्याची तरतूद आहे. संगणकाचा पर्याय मागणारे पालक मला क्वचित भेटतात. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. रोज तासभर बसवलं तर अकरावीच्या वर्षात मूल बिनचूक टाइप करू लागतं.

प्रवासाचंही तसंच. दृष्टिहीन प्रांजल पाटील २०१७च्या यूपीएससी परीक्षेत १२४ व्या आल्या, हे सगळे पालक मला सांगतात. कॉलेजसाठी त्या उल्हासनगरहून सीएसटीपर्यंत लोकलने ये-जा करत, हे मात्र कुणी सांगत नाही.

"पण काही झालं तर?" ही भीती खरी आहे, आणि मुलींच्या आयांना ती जास्त छळते. म्हणूनच पांढऱ्या काठीचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचं. प्रशिक्षक सुरुवातीला सोबत चालतो, मग काही पावलं मागे राहतो. तुम्हीही तेवढंच मागे राहा. हात धरून फिरवलेलं मूल विशीतही रस्ता ओलांडायला घाबरतं. त्या भीतीला तुम्ही जबाबदार असता, त्याचे डोळे नव्हेत.

प्रवेश घेतानाच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: माझा पाल्य पहिल्या घटक चाचणीपासून संगणकावर लिहील. पोच घ्या. कॉलेजच्या परीक्षांत सराव झाला, की बोर्डाच्या परवानगीचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच करा. फेब्रुवारीत धावपळ केली तर पुन्हा लेखनिकच वाट्याला येईल.