मोटारीच्या विजेवर पाण्याचा पंप

उन्हाळ्यांत विहिरीला पाणी असतें, पण वीज नसते; आणि अंगणांत मात्र मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो. अशा वेळीं गाडीच्या विजेवर पंप चालवितां येईल काय, असें शेतकरी बंधु आम्हांस वारंवार विचारतात. उत्तर असें कीं, येईल. परंतु कामाची मर्यादा ओळखून व आधीं हिशेब करून. हिशेबावांचून तारा जोडल्यास तार जळते, नाहीं तर सकाळीं गाडी सुरू होत नाहीं. घरांत आजारी माणूस असतां गाडी जागची न हालणें किती महागांत पडतें, हें सांगावयास नको.

विहिरीवरील पंप कां चालणार नाहीं

घरची वीज २३० व्होल्टची व सारखी दिशा बदलणारी असते. मोटारीची व ट्रॅक्टरची वीज बहुधा १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची, आणि ती एकाच दिशेनें वाहते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. म्हणून ५ अश्वशक्तीच्या पंपास ३,७३० वॅट झाले; यांस १२ नें भागिलें असतां ३११ अँपिअर येतात, आणि यांत तूट धरलेली नाहीं. मोटारीचा अल्टरनेटर साधारणतः ६० ते १०० अँपिअर देतो. तेव्हां मध्यें इन्व्हर्टर बसवूनहि हा बोजा गाडीस पेलणार नाहीं. मुळांत १२ व्होल्टचाच लहान पंप घेतला पाहिजे.

पाण्याचा जमाखर्च

१,००० लिटर पाणी १० मीटर उंच चढविण्यास सुमारें २७ वॅट-तास शक्ति लागते. लहान पंप व नळी मिळून शेंकडा ३० च काम पदरांत पडतें असें धरल्यास खर्च ९० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर-तास येतो. एवढ्यांत १०० कलमांस दर कलमीं १० लिटर पाणी मिळतें. ८ अँपिअर घेणाऱ्या पंपास हें काम तासाभराचें आहे.

उलट, एक एकरावर एक इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें १,०३,००० लिटर लागतात, आणि खर्च ७७० अँपिअर-तासांवर जातो. मोटारीची बॅटरी बहुधा ३५ ते ६० अँपिअर-तासांची असते. यावरून कलमें, रोपवाटिका, गुरांचें पिण्याचें पाणी व फवारणीची टाकी, एवढ्याच कामांस हा उपाय योग्य होय.

बॅटरीची शिल्लक

गाडीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं केलेली असते. ती वारंवार रिकामी केल्यास आंतील पट्ट्या खराब होतात. यासाठीं इंजिन बंद ठेवून पाव हिश्शाहून अधिक खर्च करूं नये. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून १० च घ्यावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. पंप थांबवून कांहीं वेळानें मोजावें, १२.४ भरल्यास काम बंद करावें. अधिक वेळ चालवावयाचें असेल तर इंजिन सुरू ठेवावें. तेव्हां विजेचा दाब १४ व्होल्टच्या सुमारास जातो. पंप तो सोसतो कीं नाहीं, हें त्याच्या पाटीवर पाहावें. बंद गोठ्यांत किंवा पडवींत इंजिन कदापि चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, आणि तो माणसाचा व जनावराचा प्राण घेतो.

तार व फ्यूज

दाब थोडा असल्यानें तारेंतील तूट येथें फार जाणवते. गाडीपासून पंप ६ मीटर दूर असला तर जाऊन-येऊन तांब्याची तार १२ मीटर होते. ८ अँपिअरला १ चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें १.७ व्होल्ट बुडतात, २.५ च्या तारेंत ०.७, आणि ४ च्या तारेंत ०.४. विहिरीच्या कांठाशीं गाडी नेऊन तार आंखूड करूं नये. गाडी दूर, हातब्रेक लावून उभी करावी व तार जाड घ्यावी.

तांबड्या तारेवर, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आंत, फ्यूज बसवावा. वरील पंपास १५ अँपिअरचा पुरे. तार घासून गाडीच्या पत्र्यास लागली तर बॅटरी शेंकडों अँपिअर ओतते व आग लागते. फ्यूज पंपाजवळ बसविला तर मधली सर्व तार उघडी पडते. काळी तार शेवटीं, बॅटरीपासून दूर इंजिनच्या धातूस जोडावी. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें पेट घेतो.

पाणी खोल असल्यास बुडता पंपच घ्यावा. वर ठेवलेला लहान पंप दोन-तीन मीटरांपलीकडून पाणी ओढण्यास बहुधा असमर्थ ठरतो.

सारांश, किती लिटर, किती उंच, किती अँपिअर व किती मीटर तार, हे चार आंकडे आधीं कागदावर मांडावे. बाकी शिल्लक राहत असेल तरच तारेस हात घालावा.